दुनळी कोणाच्या हाती द्यावी?

गोव्याच्या सत्तरी, सांगे, काणकोण किंवा डिचोली तालुक्यात ज्या घराला कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे किंवा डोंगरउतारावर काजूची बागायत आहे, अशा बऱ्याच घरांत परवान्याची एखादी बंदूक असते. रात्री रानडुकरे आणि गवेरेडे उतरतात, दिवसा माकडे आणि शेकरू नारळ-सुपारीवर येतात, आणि या सर्वांना पिटाळण्यासाठी हवेत एक बार काढणे हाच शेतकऱ्याचा शेवटचा उपाय असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे ही बंदूक वर्षातून मोजक्या वेळा चालते आणि बाकीचा काळ घराच्या दमट कोपऱ्यात पडून राहते. लोखंडासाठी यापेक्षा वाईट आयुष्य शोधूनही सापडणार नाही. समुद्राकडून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांत कोसळणारा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस यांत ती कधी ना कधी बिघडतेच. मग प्रश्न पडतो, तो ती कोणाच्या हाती द्यायची याचा.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा कठीण आहे. आपल्याकडच्या जुन्या दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका, बहुतेक पोर्तुगीज काळात आलेल्या आहेत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तीला परदेशी बंदूक आयात करता येईनाशी झाली, म्हणून आजोबांची बंदूक मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे वारसाहक्काने येत राहिली. तिचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. मुळात ते सुटे म्हणून बनलेलेच नव्हते. हाताने घडवलेल्या दुनळीत उजव्या बाजूचा घोडा डाव्या बाजूला बसत नाही, मग दुसऱ्या बंदुकीचा भाग काढून इथे लावण्याची गोष्टच सोडा. प्रत्येक भाग नव्याने घडवावा लागतो, आणि असा भाग घडवू शकणारी माणसे आता फार थोडी आहेत. शिकार संपली, गिऱ्हाईक आटले, कारागिरांची मुले दुसऱ्या व्यवसायांत गेली. जी दुकाने उरली आहेत, त्यांतील कित्येकांचा मुख्य धंदा काडतुसे विकण्याचा आणि निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करून ठेवण्याचा आहे. दुरुस्ती ते स्वीकारतात, पण ती कोण करतो, कुठे करतो, याचे उत्तर काउंटरवर मिळत नाही.

गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे बंदूक नेण्याचा विचारही कोणी करू नये, आणि त्याचे कारण केवळ कौशल्याचे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक बनवणे आणि विकणे यांप्रमाणेच तिची दुरुस्ती करण्यासाठीही परवाना लागतो. परवाना नसलेल्या माणसाने, मग तो कितीही हुशार असो, धंदा म्हणून तुमचा चाप दुरुस्त करून दिला तर तो आणि तुम्ही दोघेही अडचणीत येता. दुकानात गेल्यावर दुरुस्तीचा परवाना पाहायला मागणे हा अपमान नव्हे. चांगला दुकानदार तो भिंतीवर लावून ठेवतो आणि तुम्ही मागण्याआधी तुमचा परवाना मागतो. ज्याने माझा परवाना न पाहता बंदूक हातात घेतली, त्याच्यावर मी पुढे कधीच विश्वास ठेवणार नाही.

गोव्याबाहेर जायचे असेल तर परवान्यावर लिहिलेली क्षेत्राची हद्द आधी वाचावी. बेळगाव किंवा कोल्हापूर आपल्याला शेजारघर वाटते, पण परवाना गोव्यापुरताच असेल तर चोर्ला घाट चढण्यापूर्वी केरीच्या नाक्यावरच त्याची किंमत मोजावी लागेल. अशा वेळी परवाना देणाऱ्या कार्यालयातून आधी लेखी परवानगी घ्यावी. स्वतः जाणे शक्य नसेल, तर कायद्याच्या कलम ३ मध्ये एक सोय आहे: परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती बंदूक दुरुस्तीसाठी नेऊ शकते. त्या पत्रावर बंदुकीचा क्रमांक, बनावट, नेणाऱ्याचे नाव आणि कारण स्पष्ट लिहावे, सोबत मूळ परवाना द्यावा, आणि काडतुसे घरीच ठेवावीत.

आता कारागीर ओळखायचा कसा, याविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सगळे काही इथेच ठरते.

सर्वांत आधी त्याचे स्क्रूड्रायव्हर पाहावेत. जुन्या दुनळीच्या स्क्रूची खाच अतिशय अरुंद असते, कधीकधी नखाच्या कडेइतकी, आणि बाजारातला पाचर-आकाराचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसतच नाही. तो वरच्या कडांवर जोर देतो, कडा फाटतात, आणि कोरीवकाम केलेला सुंदर स्क्रू कायमचा विद्रूप होतो. खरा कारागीर प्रत्येक खाचेसाठी पाते वेगळे घासून घेतो. त्याच्याकडे अशी पाती ओळीने लावलेली असतात. इतर कोणाच्या दुरुस्त होऊन आलेल्या बंदुका तिथे असतील, तर त्यांचे स्क्रू पाहावेत; खाचा कोऱ्या असतील आणि एका रेषेत थांबलेल्या असतील, तर माणसाला हात आहे असे समजावे.

दुसरे म्हणजे तो प्रश्न विचारतो. कोणती काडतुसे वापरता, किती लांबीची, नेमके काय होते, कोणत्या नळीला होते, यापूर्वी कोणी खोलली होती का. काडतुसाच्या लांबीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जुन्या बारा बोरच्या कित्येक बंदुकांचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, ६५ मिलिमीटरचे असते आणि आज ७० मिलिमीटरची काडतुसे सर्रास मिळतात. ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आत जाते आणि बंदूक नीट बंदही होते, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यावर उलगडलेल्या पुंगळीची असते. पण बार होताना तिचे तोंड उघडायला पुरेशी जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बेल्जियमच्या लिएजमध्ये तपासलेल्या बंदुकांच्या नळ्यांच्या बुडाखाली ही लांबी सहसा कोरलेली असते. जो कारागीर नळ्या काढून, उलट्या करून, भिंगातून त्या खुणा वाचल्याशिवाय बोलत नाही, त्याला आपले काम कळते. खडकीच्या कारखान्याचे असो वा परदेशी, काडतुसाच्या खोक्यावरची लांबी आपणही वाचूनच घ्यावी.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी खूण म्हणजे तो कशाला नकार देतो. नळीच्या तोंडाशी गंज चढला असेल तर "कापून टाकू दोन इंच" असे म्हणणारे लोक आहेत. नळीच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्येच चोक असतो, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारी ती किंचित निमुळती जागा. ती कापली की बंदुकीचा गुणच गेला. शिवाय नळी आखूड करण्यावर कायद्यात स्वतंत्र कलम आहे. आतल्या गंजाचे खड्डे घासून नळी आरशासारखी करून देतो, असे सांगणाऱ्यालाही आधी विचारावे, की भिंतीची जाडी मोजली का. नळीचा पत्रा पुढच्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ आला असेल, तर खड्डे राहिलेले परवडतात, पातळ झालेली नळी परवडत नाही. त्या जाडीचे माप घेण्याचे साधन ज्याच्याकडे नाही, त्याने नळीच्या आत हात घालू नये.

हे सारे ज्या अनुभवातून मला शिकावे लागले, तो आता सांगतो. आमच्या घरची दुनळी लिएजची आहे, वडिलांच्या पश्चात ती माझ्या परवान्यावर आली. तिच्या नळ्या बुडाशी किंचित हलू लागल्या होत्या आणि उजवी बाजू अधूनमधून फुसकी जात होती. गोव्याबाहेरच्या एका शहरातील परवानाधारक दुकानात तिला दिले. दोनच कामे सांगितली होती: ढिलाई काढणे आणि उजव्या बाजूची फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी खीळ, बदलणे. बंदूक परत आली ती लख्ख काळ्या नळ्या घेऊन. आम्ही न सांगितलेले काम त्यांनी भेट म्हणून केले होते, आणि तेच सर्वांत घातक ठरले.

दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. झटपट काळे करण्याची जी पद्धत आहे, तिच्यात नळ्या कॉस्टिक आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांना उकळणाऱ्या द्रावणात बुडवतात. एकनळी रायफलीला ते चालते. दुनळीत मात्र कॉस्टिक डाक खाऊन टाकते, आणि पट्टीखालच्या पोकळीत शिरलेले क्षार धुऊन बाहेर निघत नाहीत. उष्णतेने डाक वितळत नाही, म्हणून बाहेरून सर्व ठीक दिसते, पण आतून कुजणे सुरू झालेले असते. पावसाळा लागला तशी आमच्या बंदुकीच्या पट्टीच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ उमटली. पुसली, ती पुन्हा आली. मग तिच्याखाली तांबूस डाग दिसू लागला. नळ्या काढून, बुडाच्या आकड्याने बोटावर लोंबत्या धरून लाकडी मुठीने हलकेच वाजवल्या, की चांगल्या दुनळीचा आवाज देवळातल्या घंटेसारखा लांबत जातो. आमच्या नळ्यांनी एक बोदा, फुटका ठोका दिला आणि त्या गप्प झाल्या.

पुढचे एकेक उघड होत गेले. पुढची लाकडी मूठ काढून नळ्या हलवल्या तर ढिलाई होती तशीच होती. ही मूठ काढूनच तपासावे लागते, कारण तिचा ताण ढिलाई झाकून टाकतो. बुडाच्या आकड्यावर पितळेची पातळ पट्टी डाकून फट भरल्याचे दिसले. असली पट्टी काही बारांतच चेपते. दुकानाच्या दारात बंदूक घट्ट वाटावी, एवढाच तिचा उपयोग. नवी फायरिंग पिन टोकाला गोलाकार हवी, ती अणकुचीदार होती, म्हणजे काडतुसाच्या बुडातली टोपी दाबण्याऐवजी तिला भोक पाडून गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे सोडणारी. आणि न सांगता डाव्या बाजूचा घोडा अडवून धरणाऱ्या खटक्यावर कानस फिरवलेली होती. चाप हलका झाला होता खरा, परंतु रिकाम्या बंदुकीत नकली काडतुसे घालून, घोडे चढवून, दस्ता रबरी चटईवर जरा आपटताच डावा घोडा आपोआप पडला. याचा अर्थ, उजवा बार काढला की त्याच्या धक्क्याने डावाही सुटण्याची पूर्ण शक्यता. साध्या पेटीच्या रचनेच्या दुनळीत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा अडवत नाही, हे फार लोकांना ठाऊक नसते. अशा बंदुकीला सेफ्टी लावून खांद्यावर टाकणे म्हणजे घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे. मला हे आठवले की आजही संताप येतो, कारण पुष्कळ घरांत ही बंदूक कोणी तपासलीच नसती.

आणखी एक हानी झाली होती. काळे करण्यापूर्वी नळ्या यंत्रावर इतक्या घासल्या होत्या, की लिएजच्या खुणा पुसट झाल्या आणि क्रमांकाचे शेवटचे आकडे तिरप्या उजेडातच वाचता येत होते. शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार क्रमांक खोडणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे आणि अशी बंदूक ज्याच्याजवळ सापडेल, त्यालाच उत्तर द्यावे लागते. त्यामुळे हे लक्षात आल्याबरोबर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवले, दुरुस्तीपूर्वीची छायाचित्रे व दुकानाची पावती जोडली आणि पोच घेतली. ज्यांच्या बंदुकीवर असे काम झाले आहे, त्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी करावी. पैशांचा वाद मागाहून करता येतो.

दुकानाशी मी भांडलो नाही, पत्रव्यवहार केला. फोनवर त्यांचे उत्तर एकच होते, "जुन्या बंदुकीचं असंच असतं हो." पत्रात मात्र मी प्रत्येक दोष वेगळा लिहिला, कोणते काम सांगितले होते आणि कोणते न सांगता केले, हे पावतीच्या आधारे मांडले, आणि काढलेली जुनी फायरिंग पिन परत मागितली. ती त्यांनी दिली नाही. दुसऱ्या परवानाधारक कारागिराचे लेखी मत जोडले, तेव्हा सूर बदलला. "पाठवा, पुन्हा करून देतो," असे त्यांनी कळवले, पण ज्या हातांनी डाक कुजवला, त्याच हातांत ती पुन्हा देणे मला मान्य नव्हते. अखेर त्यांनी मजुरीचे पैसे परत केले, नुकसानभरपाई नाकारली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्कही लागत नाही. मी तिथवर गेलो नाही, कारण खटला चालू असेपर्यंत बंदूक पुरावा म्हणून तशीच ठेवावी लागली असती आणि क्षार आत काम करतच राहिले असते. ज्यांचे नुकसान मोठे आहे त्यांनी मात्र जरूर जावे. मागणीपत्र, पावत्या, छायाचित्रे आणि त्रयस्थ कारागिराचे मत हे चारही हाताशी असेल तर बाजू भक्कम असते.

ज्या वयस्क मिस्त्रींनी ते मत लिहून दिले, त्यांच्याकडेच नंतर काम दिले. घाटमाथ्यावरच्या त्यांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून एक बाक आहे. त्यांनी आधी माझा परवाना घेतला, क्रमांक स्वतः जुळवला, मग बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली. कितीतरी वेळ नळ्यांतून खिडकीच्या चौकटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काम होईल. पण मी सांगेन तेवढंच करायचं आणि मी सांगेन तेव्हा न्यायची. ह्या नळ्या मी शिजवणार नाही."

ढिलाई काढताना मी समोर बसलो होतो. पितळेची पट्टी त्यांनी काढून माझ्या हातात ठेवली. बिजागरीची जुनी पिन काढून, किंचित मोठ्या व्यासाची नवी पोलादी पिन त्यांनी घडवली आणि मग चिमणी पेटवली. तिच्या ज्योतीवर नळ्यांचे बूड धरून त्यावर काजळीचा पातळ थर चढवायचा, बंदूक हळूच मिटायची, उघडायची, आणि काजळी जिथे पुसली गेली तिथे कानशीचा एखादाच फटकारा मारायचा. पुन्हा काजळी, पुन्हा मिटणे. काळ्या पृष्ठभागावर सुरुवातीला एकाच कोपऱ्यात धातू चमकत होता; दुपार कलेपर्यंत तो संबंध पृष्ठभागावर सारखा दिसू लागला. मधल्या वेळात त्यांनी कोणतेही यंत्र लावले नाही.

पट्ट्या पूर्ण सोडवून, आतला कुजका डाक आणि क्षार खरवडून, नव्याने कथील चढवून त्यांनी नळ्या तारेने आवळून पुन्हा जोडल्या. रंग जुन्या पद्धतीने, म्हणजे गंज चढवून दिला: सौम्य आम्ल लावायचे, दमट पेटीत तांबूस गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात तो काळा होऊ द्यायचा, बारीक पोलादी लोकरीने झाडायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. आमच्या हवेला नावे ठेवणाऱ्या मला त्यांनी सांगितले, की या कामाला कोकणासारखी हवा नाही. खटका मात्र त्यांनी नवा घडवला. घासलेल्या खटक्याला डागडुजी नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आता दोन्ही चाप दीड-दोन किलोच्या दरम्यान सुटतात, मागचा किंचित जड आहे आणि दस्ता कितीही आपटला तरी घोडा पडत नाही.

त्यांनी पावतीवर दिलेल्या सूचना इथे उतरवतो, कारण त्या इतरांच्याही कामाच्या आहेत. ६५ मिलिमीटरचीच, हलक्या भाराची काडतुसे वापरावीत. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये, त्यात ओल धरते. खोबरेल लावू नये, ते खवट होऊन त्यात धूळ बसते. यंत्राचे पातळ तेल पुरते. काडतूस भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी नळीतून उजेड पाहावा, कारण कुंभारीण माशी नळीत मातीचे घर बांधते आणि त्या मातीवर बार केला तर नळी फुगते किंवा फाटते. निवडणुकीसाठी बंदूक जमा करावी लागली तर देण्याआधी तेल द्यावे, स्थितीची नोंद पावतीवर करून घ्यावी आणि परत मिळताच पुसून घ्यावी.

डावी नळी पुढच्या भागात एका ठिकाणी पातळ आहे, हे त्यांनी माप घेऊन दाखवले आणि तिथे दरवर्षी पाहणी करायला सांगितले. डाव्या बाजूचा इजेक्टर अजून मंद आहे, रिकामी पुंगळी अर्ध्यावरच थांबते. तो आताच खोलू नका, काजूचा हंगाम संपल्यावर घेऊन या, असे त्यांनी सांगितले आहे.